बैलाखालचा अंगठा

माझ्या उजव्या पायाचा अंगठा बाकीच्या चार बोटांशी बोलत नाही. ती सरळ समोर पाहतात, हा तोंड फिरवून भलतीकडे. नख तर असं की कोणी शिंगाड्याचं टरफल चिकटवून दिलंय. गोंदियातल्या ज्या औषधाच्या दुकानात मी काम करतो, तिथं उन्हाळ्यात चप्पल घालून उभा राहिलो की गिऱ्हाईक स्वतःचं दुखणं विसरून खाली बघतं. "ये क्या हो गया भैया?" मग माणूस पाहून मी कथा देतो. एका पोलिसाला सांगितलं, नागझिऱ्यात वाघानं चाटला. एका मास्तरांना सांगितलं, जन्मजात आहे, आमचे पूर्वज माळव्यातून इकडं चालत आले ते असल्याच अंगठ्यानं वाट चाचपत. मास्तरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मास्तरांना अंगठा दाखवायला घेऊन आले.

खरं काय झालं ते सांगत नाही, कारण ते कोणाला पटत नाही. पण इथं लिहायला हरकत नाही.

आमच्या घरी बैलांची एक जोडी होती. नावं सांगत नाही, बैल झाले तरी त्यांची अब्रू असते. उजवीकडं जुंपायचा तो उजव्या आणि डावीकडं जुंपायचा तो डाव्या, एवढं पुरे. उजव्या म्हणजे नुसता जोर. एका चिखलणीला त्यानं नांगरासोबत अख्खी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, धुऱ्याबांधांसकट ओढत शेजाऱ्याच्या शेतात नेली होती आणि बाला तलाठ्याकडं जाऊन नकाशा बदलून घ्यावा लागला होता. डाव्या हुशार. आज कोणत्या बांधीत काम आहे हे बाच्या आधी त्याला कळायचं. बा चहा पीत अंगणात बसलेला असायचा आणि डाव्या दाराशी उभा राहून खाकरायचा.

पण गावात हार्वेस्टर आलं. धान उभ्याउभ्या कापलं जायला लागलं आणि तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, शेतातच चुरा होऊन पडायला लागली. तनीस नाही म्हटल्यावर बैलांनी वर्षभर खायचं काय? चिखलणी तर ट्रॅक्टर सकाळी सुरू करून दुपारच्या जेवणाच्या आत संपवत होता. बाचे गुडघेही गेले होते. शेवटी त्यानं इटियाडोहाच्या कालव्याकडच्या एका शेतकऱ्याशी सौदा केला. त्याच्या बांध्या एवढ्या लहान की ट्रॅक्टर आत गेला तर त्याला वळायला शेजाऱ्याची परवानगी लागायची. चांगला माणूस. बैल पाहायला आला तेव्हा आधी बैलांना नमस्कार केला, मग बाला.

बानं एकच अट घातली. "पोळा आमच्या दारी होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवेवर ये, कासरा देतो."

आमच्याकडं रीत अशी की विकलेली जोडी विकणाऱ्यानं स्वतः गावच्या शिवेपर्यंत चालवत न्यायची आणि तिथं कासरा हवाली करायचा. घेणाऱ्यानं दारातून ओढत नेली तर बैलाला वाटतं आपल्याला हाकललं. बाच्या गुडघ्यांकडं पाहून ते काम माझ्याकडं आलं, आणि पोळ्याला जोडी पळवायचंही. मी आनंदानं दुकानातून सुट्टी काढली. मालकाला सांगितलं, घरी लग्न आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांवर पळसाच्या पानानं हळद आणि लोणी चोळायचं आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा हे आवतन दिलं की पोळा संपेपर्यंत बैल म्हणजे घरचा पाहुणा. त्याच्यावर हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्यानं हाकायचंही नाही. वर्षभर आम्ही त्यांना जे जे म्हणत असू, ते सगळं एक दिवस गिळायचं.

मी उजव्याचा खांदा शेकला. छान चोळून चोळून शेकला. कानाशी वाकून आवतन दिलं. उजव्यानं ऐकलं, समाधानानं एक लांब श्वास सोडला आणि उजवा पुढचा पाय उचलून माझ्या अंगठ्यावर ठेवला.

ठेवला आणि राहू दिला.

आता सांगा, काय करावं माणसानं? एरवी असता तर कमरेत एक बुक्की, दोन शिव्या, आणि पाय मोकळा. पण शब्द गेला होता. आवतन दिलेला पाहुणा होता. माझ्या डोळ्यांपुढं तारे, चंद्र आणि एक नवाच ग्रह आला, तरी मी हात जोडून म्हणालो, "मालक, जरा पाय काढता का?"

मालक रवंथ करत राहिले.

"बा!" मी शक्य तेवढ्या हळू ओरडलो. "बा, पाय ठेवला ना यानं!"

बा पडवीतून म्हणाला, "हात नको उचलू."

"हात कोठी उचलून राहिलो? हात जोडून उभा आहो!"

"मंग जोडून राय. काढन तो."

पाच मिनिटांत अंगणात अर्धा गाव जमला, बाकीचा अर्धा धुऱ्यांवरून येत होता. दूर बांधीतलं सारसांचं जोडपं चरायचं थांबून मान उंच करून इकडंच पाहत होतं, हे मी शपथेवर सांगतो. प्रत्येकाकडं उपाय होता. कोणी म्हणालं शेपटी कुरवाळ, कोणी म्हणालं गाणं म्हण. एका म्हातारीनं उजव्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "भाग्यवान आहेस रे, पोळ्याचा पाय पडला." पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. मायनं तांदळाची भाकर आणून उजव्याच्या पुढं हातभर लांब धरली, म्हणजे तो एक पाऊल पुढं येईल. त्यानं पाऊल नाही टाकलं, मान लांबवली. बैलाची मान एवढी लांबते हे मला त्या दिवशी कळलं. भाकर खाल्ली, अंगठा तिथंच.

तेवढ्यात गल्लीतून माझा चुलत भाऊ आला. माझ्याहून मोठा, म्हणून दादा. पोट असं की दारातून तो आत आल्यावर दार थोडा वेळ रिकामं वाटायचं. गावातला पहिला ट्रॅक्टर त्याचाच. त्यानं सगळा प्रकार पाहिला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काऊन बे बाबू, माह्या ट्रॅक्टरनं कधी कोनाच्या पायावर पाय ठेवला काय?"

"दादा, मजाक नको करू, जीव चालला."

"हॉर्न वाजवू काय?"

"नको!" मी, बा, माय आणि ती म्हातारी एकदम ओरडलो.

अखेर डाव्याला कंटाळा आला. आपल्याला भाकर मिळाली नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं डोकं घालून उजव्याला एक धक्का दिला, उजव्या सरकला, आणि माझा अंगठा उजेडात आला. तो अंगठा नव्हता. तो जांभळा, चपटा, जिवंत असा काही पदार्थ होता, आणि बघताबघता तो फुगायला लागला. रात्रीचं जेवण होईस्तोवर छोट्या वांग्याएवढा, झोपताना मोठ्या वांग्याएवढा. नख एका बाजूनं उचललं गेलं होतं.

माझ्या पिशवीत दुकानातल्या तीन जातीच्या ट्यूबा होत्या. मायनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. उजव्याच्या खांद्याला लावून उरलेली हळद-लोण्याची वाटी घेतली आणि सगळी अंगठ्यावर थापली. वर पळसाचं पान, वर जुन्या लुगड्याची चिंधी. बानं वाकून त्या गाठोड्याला म्हटलं, "आज आवतन घे बाप्पा, उद्या पळाले ये." आणि एवढा हसला की गुडघे धरून बसला.

पण मग हसणं संपलं, कारण खरी अडचण सगळ्यांना एकदम कळली.

आमच्या गावचा पोळा आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत भरतो. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, एकमेकांना चिमटे काढणाऱ्या कवनांच्या झडत्या होतात, आणि तोरण तुटलं की सगळे आपापल्या जोडीसोबत घराकडं धूम पळतात. चालत जायची सोय नाही. मागून दुसऱ्या जोड्या येतात, चालणारा तुडवला जातो. आणि नियम असा की ज्याच्या हातात कासरा, त्याच्या दारी जोडीचा पहिला घास. मी नाही पळालो तर दुसरा कोणी पळवणार, आणि आमच्या जोडीचा शेवटच्या पोळ्याचा पहिला घास त्याच्या दारी पडणार. मायनं दोन दिवस आधीपासून डाळ निवडून ठेवली होती.

हा दुसरा कोणी म्हणजे कोण, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. दादा अजून अंगणातच होता.

"मी पळवतो ना," तो म्हणाला. "कायले फिकीर करता काका? माह्या बुडीनं सकाळपासून डोकं खाल्लं. म्हंते, ट्रॅक्टर घेतला तवापासून दारी बैलाचा पाय नाही लागला, असा पोळा असते काय. माह्या दारी जेवतीन, घरचेच ना आपन?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. काकू, म्हणजे दादाची आई, खरंच दर पोळ्याला रिकाम्या दारात सूप घेऊन उभी राहायची. पण दादाच्या ट्रॅक्टरनं आमची बांधी केली, आमचे बैल रिकामे केले, आणि आता त्यांचा पहिला घासही त्याच्याच दारी? बा भिंतीला टेकून डाव्याचा कान खाजवत राहिला.

रात्री मी पडल्यापडल्या हिशोब केला. औषधाच्या दुकानात दहा वर्षं उभं राहिलेला माणूस अंगठ्याचं एवढं तर सांगू शकतो. या अंगठ्यात एकच काम शिल्लक होतं. उद्या पळालो तर परवा शिवेपर्यंत चालणं नाही. परवा जोडी पोचवायची तर उद्या पाय वर करून बसायचं. पळायचं की पोचवायचं?

माय म्हणाली, "पळू नको. जेवन काय, खातीन कोठी बी. पोचवाले जा, मुके जनावर होत."

बा म्हणाला, "तुह्या पायाचं तूच पाह्य."

सकाळी तळ्यावर जोडी धुतली, शिंगं रंगवली, पाठीवर झूल घातली. बा प्रत्येक घुंगरू बोटानं वाजवून पाहत होता, जणू घुंगरू तपासायचं असतं. मी टाचेवर चालत होतो आणि मनात पक्कं केलं होतं की मायचं ऐकायचं. तोरणाखाली फक्त उभं राहू, कासरा दादाच्या हातात देऊ, उद्या शिवेपर्यंत जाऊ. शहाण्या माणसाचा निर्णय होता. माझ्या आयुष्यात मी असे फार थोडे निर्णय घेतले.

आखरावर जोड्या उभ्या होत्या. लहानपणी मी पाहायचो तेव्हा जोड्यांची रांग आखराच्या या टोकापासून निघून तळ्याला वळसा घालून परत यायची, शेवटच्या बैलाला पहिल्या बैलाची शेपटी लागायची. आता रांग वडाच्या सावलीत मावली. उरलेल्या जागेत पाच-सहा ट्रॅक्टर हार घालून उभे केले होते. झडत्या सुरू झाल्या. दादानं ठेवणीतली काढली:

"डबा रे डबा, डिझेलचा डबा,
भावाच्या अंगठ्याचा झाला भोपळा उभा,
भोपळ्यानं पळनार कसा गा राजा?
कासरा दे मले, पोळा होईन माझा!
हर हर महादेव!"

आखर हसून लोटपोट झाला. मीही हसलो. झडती चांगली होती, काय करणार. मी कासरा त्याच्याकडं करायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात कोणीतरी तोरण तोडलं.

डाव्याला सगळं आधी कळतं हे मी सांगितलंच. तोरणाचं सूत तुटायच्या आत तो निघाला होता, उजव्या त्याच्या मागं, कासरा माझ्या मनगटाला, आणि कासऱ्यामागं मी. पहिली शंभर पावलं मी पळालोच नाही, मला पळवलं गेलं. पाय जमिनीला लागत नव्हते म्हणून दुखतही नव्हतं. तळ्याची पाळ आली. चिखल होता, मऊ. मला वाटलं, जमतंय की! दादा बाजूनं पोट सांभाळत पळत होता आणि हात लांबवून ओरडत होता, "दे बे! मरशीन! दे इकडं!"

पाळ संपली आणि सिमेंटचा रस्ता लागला. पोळ्याला पायात काही घालायचं नसतं. त्या रस्त्यावर माझा अंगठा पहिल्यांदा पुरता टेकला आणि मी असा ओरडलो की पुढच्या जोडीला वाटलं मागून रेल्वे आली. ती बाजूला झाली. नख रस्त्यावरच राहिलं, हे मला नंतर कळलं. पट्टी सुटून मागं फरफटत होती.

बोअरवेलजवळ रस्ता फुटतो. डावीकडं दादाचं स्लॅबचं घर, उजवीकडं आमचं कौलारू. तिथं मी एका गुडघ्यावर बसलो, तसे बैलही थबकले. कासऱ्याचं एक टोक दादाच्या हातात आलं होतं. डावीकडच्या दारात काकू सूप घेऊन उभी होती, डोळे लकाकत होते तिचे. द्यायचं सोडून? शहाणपण हेच सांगत होतं. सोड, बस इथं, उद्यासाठी पाय वाचव.

मी वर पाहिलं तर अगदी नाकासमोर उजव्याचा खांदा. पिवळाधम्मक. काल मीच चोळलेली हळद, आणि घामानं ती आता ओघळत होती. आवतन मी दिलं होतं. माझ्या तोंडानं, त्याच्या कानात, आमच्या दारचं. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पानावर बसायच्या वेळी म्हणायचं की जरा शेजारी जाता का, आमचा अंगठा दुखतो? मला ते जमेना.

"दादा, सोड," मी म्हणालो.

"पाह्य पाय तुहा! रगत पाह्य!"

"सोड म्हंतो ना!"

त्यानं सोडला. हे त्याचं मोठेपण, त्याच्यावर मी कितीही विनोद केले तरी हे लिहिलंच पाहिजे. सोडला, आणि माझ्या काखेत हात घालून मला उभंही केलं. मग मी पळालो. कसा पळालो ते विचारू नका. आमच्या गल्लीतली लोकं सांगतात की मी एका पायावर पळालो, माझी माय सांगते तीन पायांवर. दारात पोचलो तेव्हा बैल धापा टाकत होते आणि मी हंबरत होतो.

मायनं पितळी तांब्यातलं पाणी घेऊन उजव्याचे पाय धुतले, चारही. मग डाव्याचे चारही. मग तिनं तांब्या माझ्याकडं वळवला आणि माझाही तो एक पाय धुतला. कुंकू लावलं. शेजारणी हसायला लागल्या, "अगं, त्यालेही झूल घाल!" सुपात पुरणपोळ्या, वडे, भात. पहिला घास उजव्यानं घेतला, बाच्या हातातून. बा त्याच्या गळ्याला टेकून उभा होता आणि झुलीच्या कडेनं नाक पुसत होता. मी तेवढ्यात दादाला बोलावलं. आपल्या सुपातल्या चार पोळ्या घेऊन काकूच आली आणि आमच्याच दारात तिनं डाव्याला भरवलं. दारी बैलाचा पाय लागायचा तो लागला नाही, पण तिचा हात बैलाला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पाय जमिनीवर ठेवायची बातच नव्हती. ताप होता. पडवीत खाटेवर, पाय उशीवर. अंगणात जोडी सोडलेली, शिंगांचा रंग अजून ओला वाटावा असा चमकणारा. दादा म्हणाला, "मी नेतो काका, शिवेपर्यंत."

बानं काठी घेतली. "मी जातो."

"तुह्यानं चालनं होते काय?"

"होईन तेवढं होईन."

तो निघाला. आमच्या घरापासून शिव म्हणजे तरण्या माणसाला विडी संपेस्तोवरचं अंतर. मी घुंगरांचा आवाज ऐकत पडलो. तळ्याच्या पाळीपर्यंत ऐकू आला, मग मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बा बसत बसत जात होता आणि बैल त्याच्यासाठी थांबत होते. मग आवाज बांध्यांमध्ये गेला, आणि मग बांध्यांचाच आवाज राहिला. मला वाटलं, आत्ता उठून धावावं. पण ते काल करून झालं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बा परतला. हातात नुसती काठी. येऊन माझ्या खाटेच्या कडेवर बसला. मायनं पाणी दिलं.

मी विचारलं, "मागं वळून पायलं का त्यायनं?"

"कायले पाह्यतीन?" बा म्हणाला. "बैल होत ते." पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला, आणि माझ्या अंगठ्याकडं बराच वेळ पाहत राहिला. "दुखते काय?"

"लय दुखते, बा."

"दुखू दे," तो म्हणाला, आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.